प्रबंधाला ‘नाही’ म्हणण्याची वेळ

अभियांत्रिकीच्या पदवी परीक्षांविषयी, त्यांच्या प्रवेशप्रक्रियेविषयी आणि निकालांच्या दिरंगाईविषयी आपल्याकडे वर्तमानपत्रांतून, घराघरांतून आणि विधिमंडळातूनही जितकी चर्चा होते, तिचा शतांशही त्याच शाखेतील पदव्युत्तर पदवीच्या वाट्यास येत नाही; आणि ही उपेक्षा मला गंभीर वाटते ती अशासाठी, की उद्याच्या अभियंत्यांना शिकविणारे अध्यापक याच पदवीच्या वाटेने महाविद्यालयात येतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू व्हावयाचे तर बी.ई. किंवा बी.टेक.च्या जोडीला एम.ई. किंवा एम.टेक. पदरी असावे आणि त्यांपैकी एका पदवीत तरी प्रथम वर्ग असावा, असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक आहे. म्हणजे ही सनद ज्यास मिळते, त्यास पुढची तीस-पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपुढे खडू हाती घेऊन उभे राहण्याचा अधिकारही मिळतो. ती कशी दिली जाते हा प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षा विभागापुरता मर्यादित राहू शकत नाही.

या अभ्यासक्रमाची घडण नुसती कागदावर पाहिली तर तिच्यात दोष काढण्यास फारसा वाव नाही. दोन वर्षे, चार सत्रे, आणि परिषदेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या नमुना अभ्यासक्रमाप्रमाणे एकूण ६८ क्रेडिट. पहिल्या आणि दुसऱ्या सत्रात प्रत्येकी १८ क्रेडिट असून त्यांत शाखेचे गाभ्याचे विषय, काही ऐच्छिक विषय, प्रयोगशाळा आणि संशोधनपद्धती व बौद्धिक संपदा यांचा एक छोटा विषय येतो. तिसऱ्या सत्रातील १६ क्रेडिटपैकी १० प्रबंधाच्या पहिल्या टप्प्याची. आणि चौथ्या सत्राची सर्वच्या सर्व १६ क्रेडिट प्रबंधाच्या दुसऱ्या टप्प्याची. विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयागणिक हे आकडे थोडेफार बदलतात, परंतु ढाचा तोच राहतो. ६८ पैकी २६, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार, एकट्या प्रबंधावर टाकलेला आहे, आणि तो योग्यच टाकला आहे. कारण दुसऱ्याने मांडलेले गणित सोडविणारा पदवीधर आणि कोणते गणित मांडावयाचे हे स्वतः ठरविणारा अभियंता यांच्यातील अंतर ओलांडावयाचे ते प्रबंधाच्याच आधाराने.

प्रवेशाची परीक्षा कडक आहे. तीन तासांत ६५ प्रश्न आणि १०० गुण अशी ‘गेट’ ही देशव्यापी परीक्षा असून तिचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. ती उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ दाखल होणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन जास्तीत जास्त चोवीस महिने मिळते. गेट नसलेल्यांनाही राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून उरलेल्या जागा मिळतात, मात्र विद्यावेतन मिळत नाही, आणि मग त्यांतील पुष्कळजण उपजीविकेसाठी कोठेतरी नोकरी धरून दुसरे वर्ष निभावतात. लेखी विषयांच्या परीक्षांबद्दल मी येथे लांबण लावणार नाही. सत्रांतर्गत चाचण्या, टर्मवर्क, सत्रान्त पेपर हा शिरस्ता पदवीपासून सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे, त्यात उणिवा आहेत, तरी जो विद्यार्थी अभ्यास करीत नाही तो तेथे नापास होतो, आणि परीक्षेने किमान एवढे करावे ही अपेक्षा तेथे पुरी होते.

प्रबंधाच्या बाबतीत ही अपेक्षा पुरी होत नाही. त्याची वाटचाल अशी असते: तिसऱ्या सत्राच्या आरंभी विद्यार्थी मार्गदर्शकाशी बोलून विषय ठरवितो, त्याचा सिनॉप्सिस लिहून विभागाच्या समितीपुढे मांडतो, आणि समितीची मंजुरी मिळाली की काम सुरू झाले असे धरले जाते. सत्राअखेर पहिल्या टप्प्याचे सादरीकरण होते, चौथ्या सत्रात मध्यंतरी एखादी आढावा बैठक होते, आणि मग सबमिशनची मुदत जवळ आली की महिनाभरात सगळी धांदल उसळते: प्रकरणे लिहून काढणे, आकृत्या जुळविणे, एखाद्या नियतकालिकात लेख छापून आणणे, साम्यतपासणीचा दाखला मिळविणे, मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्या घेणे, आणि मुंबईकडचे विद्यार्थी ज्यास ‘ब्लॅक बुक’ म्हणतात त्या काळ्या बांधणीच्या प्रती बाइंडिंगवाल्याकडून वेळेत सोडवून आणणे. त्यानंतर बाहेरगावचा एक परीक्षक येतो, व्हायवा होते, गुणपत्रकावर सह्या होतात आणि अभ्यासक्रम संपतो.

परीक्षक म्हणून अशा व्हायवेस गेलेल्या अध्यापकांना पुढचे चित्र अपरिचित वाटणार नाही. प्रबंध त्याच सकाळी टेबलावर हाती येतो. त्या दिवशी एकामागून एक अनेक उमेदवार तपासावयाचे असतात. प्रत्येकाने पंधरा-वीस मिनिटे स्लाइड दाखवावयाच्या, चार प्रश्न व्हावयाचे, आणि तेवढ्या अवधीत परीक्षकाने शंभर पानांच्या त्या ग्रंथाचे सार, त्यातील प्रयोगांची विश्वसनीयता आणि विद्यार्थ्याचे त्यावरील प्रभुत्व यांविषयी मत बनवावयाचे. मत बनतेही, कारण अनुभवी मनुष्यास दहा मिनिटांत पुष्कळ कळते. परंतु ते प्रतिकूल बनले तर त्याचे करावयाचे काय, याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. समोर उभ्या असलेल्या मुलाची नोकरी ठरलेली आहे, त्याचे विद्यावेतन संपलेले आहे, वसतिगृहाची खोली त्याने रिकामी करून दिलेली आहे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता लवकरच सुरू होणार आहे, आणि ज्याच्या हाताखाली हे काम झाले तो मार्गदर्शक, अंतर्गत परीक्षक या नात्याने, शेजारच्याच खुर्चीवर बसलेला आहे. अशा क्षणी ‘हे काम पदवीस पात्र नाही’ असे म्हणणारा परीक्षक मी क्वचितच पाहिला आहे, आणि न म्हणणाऱ्यास दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. दोष त्याच्या मृदुपणाचा नाही. नकार देण्याचा अधिकार ज्या घटकेस त्याच्या हाती दिला जातो, त्या घटकेचा आहे.

माझे सांगणे एवढेच आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रबंधास ‘नाही’ म्हणण्याचे प्रसंग या रचनेत तीन आहेत. सिनॉप्सिस नाकारला तर विद्यार्थ्याचे आठ-पंधरा दिवस जातात. पहिल्या टप्प्याअखेर काम अपुरे ठरविले तर दोन-तीन महिने जातात, पण पुढचे सबंध सत्र हाती असते. अखेरीस नाकारले तर वर्ष आणि उमेद दोन्ही जातात. शहाणपणाची व्यवस्था अशी असती, की पहिल्या दोन प्रसंगी नकार मोकळेपणाने, सकारण आणि वारंवार दिला जावा, म्हणजे तिसऱ्या प्रसंगी तो देण्याची पाळी क्वचित यावी आणि आली तर तिचे आश्चर्य कोणास वाटू नये. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. सिनॉप्सिसची बैठक दुपारभरात उरकली जाते, पहिल्या टप्प्याचे सादरीकरण साहित्यसमीक्षेच्या दहा-पंधरा स्लाइडवर भागते, आणि सगळी कठोरता त्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली जाते, ज्या दिवशी कठोर होणे माणसाला शक्य नसते.

याचा परिणाम विषयांच्या निवडीवर कसा होतो हे स्थापत्यशाखेतील एका परिचित उदाहरणावरून पाहता येईल. दहाबारा मजल्यांच्या इमारतीचा एक काल्पनिक आराखडा घ्यावयाचा, तो ईटॅब्स या संगणकप्रणालीत भरावयाचा, भूकंपाचा भार भारतीय मानक १८९३ प्रमाणे लावावयाचा, भिंतींची जागा किंवा मजल्यांची संख्या बदलून तीच आकडेमोड पुन्हा करावयाची आणि आलेख काढून निष्कर्ष लिहावयाचे, अशा घाटणीचे प्रबंध वर्षानुवर्षे सादर होत आले आहेत. संगणकाचा उपयोग करणे हा काही अपराध नाही, आणि असा अभ्यास विचारपूर्वक केला तर तो उत्तमही होऊ शकतो. पण त्या विद्यार्थ्यास तुम्ही विचारा की मेश निम्म्याने बारीक केला तर तुझे उत्तर किती बदलते. पायाशी बाउंड्री कंडिशन पूर्ण जखडलेली धरलीस ती कोणत्या मातीच्या भरवशावर. आणि ज्याची तुलना प्रत्यक्ष मोजमापाशी कधी झालीच नाही त्या आकड्यावर तू स्वतः राहावयाची इमारत बांधशील काय? हे प्रश्न अवघड नाहीत, अभियंत्याचे रोजचे आहेत. तिसऱ्या सत्रात कोणी विचारले असते तर त्या मुलाने त्यांची उत्तरे शोधली असती आणि त्याचा प्रबंध निराळा झाला असता. चौथ्या सत्राच्या अखेरच्या दुपारी विचारले म्हणजे तो खाली मान घालतो आणि परीक्षक पुढच्या स्लाइडकडे वळतो.

आणि विषयांची वाण आपल्या प्रदेशात खचितच नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या परिसरात झालेल्या भूकंपाने जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे कोसळून. मराठवाड्यात तशी घरे आजही उभी आहेत, आणि अशा एका भिंतीचा नमुना प्रयोगशाळेत बांधून ती कमी खर्चात कशी बांधून ठेवता येईल हे तपासणारा प्रबंध दहाव्या मजल्याच्या विस्थापनाच्या आलेखाहून अधिक मोलाचा ठरेल. विदर्भातील औष्णिक केंद्रांची राख, इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाचे सांडपाणी, काळ्या मातीवर उभारलेल्या आणि पावसाळ्यागणिक तडकणाऱ्या इमारती, बेसाल्टच्या खडकात मुरणारे व न मुरणारे पाणी: यांतील प्रत्येक विषयावर दोन वर्षे घालविणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना पुरून उरेल इतके काम पडलेले आहे. विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसविले, ते तेथील जलाशयात पाण्याचा साठा अधिक कसा करावा या अगदी स्थानिक अडचणीतून सुचलेले होते. स्थानिक प्रश्नाची धास्ती विद्यार्थ्यास वाटते, कारण त्यात नमुने गोळा करण्यास वेळ लागतो आणि प्रयोग फसण्याचा संभव असतो. आणि फसलेल्या प्रयोगाचे प्रामाणिक वृत्त लिहिणाऱ्यास गुण मिळतील अशी खात्री त्यास कोणी दिलेली नाही.

बहिःस्थ परीक्षकाची वहिवाट कोठून आली हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात अशी ती योजना होती. शिकविणारा आणि तपासणारा वेगळा असावा हे तत्त्व लेखी पेपरांच्या बाबतीत मोठ्या उपयोगाचे ठरले, कारण तेथे परीक्षकास उमेदवार दिसत नाही आणि उमेदवारास परीक्षक. प्रबंधाच्या परीक्षेत हा पडदा नसतो. परीक्षकाची नावे बहुधा विभागातूनच सुचविली जातात, आज जो परीक्षक म्हणून आला आहे त्याच्या महाविद्यालयात पुढील आठवड्यात यजमानांपैकीच कोणी परीक्षक म्हणून जावयाचा असतो, आणि या देवघेवीत कोणाचाही हेतू वाईट नसतानाही निर्भीड मत द्यावयास जागा उरत नाही. पेपरांसाठी निर्माण केलेले संरक्षण आपण प्रबंधास जसेच्या तसे लावले आणि तेथे ते चालत नाही याची दखल घेतली नाही.

पुण्यामुंबईकडील अनेक मुले हल्ली ज्या देशात याच पदवीसाठी जातात, त्या जर्मनीतील पद्धत या एका बाबतीत आपणास विचार करावयास लावणारी आहे. तेथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास युरोपीय परिमाणाने १२० क्रेडिट असतात, प्रत्येक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम असे मानले जाते, आणि प्रबंधास बहुधा ३० क्रेडिट म्हणजे सुमारे सहा महिने असतात. प्रबंधाचा वाटा आपल्याकडच्या प्रमाणाहून कमीच आहे; फरक आहे तो दफ्तराच्या शिस्तीत. विषय परीक्षा कार्यालयात रीतसर नोंदविला जातो, नोंदीच्या दिवसापासून मुदत मोजली जाते, सबळ कारणावाचून ती वाढत नाही, आणि काम हाती आल्यावर साधारणतः दोन परीक्षक ते वाचून आपले मूल्यमापन लेखी कारणांसह नोंदवितात. मत लिहून द्यावयाचे म्हटले की वाचावे लागते. वाचून लिहिलेले मत सही करणाऱ्याच्या नावाने दफ्तरी राहते, आणि आपल्या नावाने दफ्तरी राहणारा मजकूर मनुष्य जपून लिहितो. तेथील सर्वच गोष्टी येथे आणाव्यात असे मी म्हणत नाही; त्यांच्या उद्योगांत विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी जशी जागा मिळते तशी येथे सर्वत्र मिळेल असेही नाही. परंतु परीक्षकाने आधी वाचावे आणि लिहून द्यावे, यासाठी कोणत्याही राष्ट्राच्या संपत्तीची गरज पडत नाही.

साम्यतपासणीविषयी एक गैरसमज मूळ धरू पाहत आहे, तोही येथेच दूर केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या ठराविक मुदतीत सुधारून पुन्हा सादर करावयाचे. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. हे विनियम आवश्यक होते. पण संगणकाने दिलेला ‘नऊ टक्के’ हा दाखला कामाच्या गुणवत्तेचा दाखला आहे असे जे हल्ली मानले जाऊ लागले आहे, ते मात्र घातक आहे. उसने वाक्य यंत्र ओळखते; उसना विचार, किंवा विचारच नसणे, हे ओळखावयास वाचणारा माणूस लागतो. तीच गोष्ट छापील लेखाच्या अटीची. पैसे भरले की चार दिवसांत लेख छापून देणारी नियतकालिके या अटीच्याच आधाराने पोसली गेली आहेत, आणि ज्या कुटुंबातील मुलाला दरमहाच्या खानावळीची चिंता आहे त्याच्याकडून असली रक्कम वसूल होऊ देणे मला अन्यायाचे वाटते. ही अट काढून टाकावी.

तिच्या जागी काय यावे? प्रबंध व्हायवेपूर्वी किमान चार आठवडे परीक्षकाच्या हाती पडावा आणि त्याचे सहीनिशी लेखी मत आल्यावाचून व्हायवेची तारीख लागू नये. परीक्षक विद्यापीठाने आपल्या यादीतून नेमावा, विभागाच्या शिफारशीवरून नव्हे, आणि त्याने एका दिवशी दोनांहून अधिक उमेदवार तपासू नयेत. मार्गदर्शकाने व्हायवेस हजर राहावे, शंकांचे निरसन करावे, परंतु गुण देणाऱ्यांत तो नसावा. विभागातील दुसऱ्या अध्यापकाने अंतर्गत परीक्षक व्हावे. व्हायवा सर्वांना खुली असावी, निदान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तरी तेथे बसू द्यावे, कारण चांगला प्रश्न कसा विचारला जातो हे ऐकून जे शिक्षण होते ते संशोधनपद्धतीच्या विषयात वर्गात होत नाही. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या सत्राची: तोच बहिःस्थ परीक्षक पहिल्या टप्प्याअखेरही यावा, त्याने प्रयोगाची मांडणी किंवा संगणकीय प्रतिमान स्वतः पाहावे, विद्यार्थ्याची नोंदवही चाळावी, आणि हे काम पुढे न्यावे, बदलावे की सोडून द्यावे हे त्याच वेळी लेखी सांगावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली अभ्यास मंडळे आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांना जे अधिकार आहेत, त्यांच्या कक्षेत यातील बहुतेक सर्व येते. स्वायत्त महाविद्यालयांना तर पुढील सत्रापासूनही आरंभ करता येईल.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतला एक मला खरा वाटतो. परीक्षकाचे मानधन आणि त्याचा वेळ यांचा जो हिशेब आज धरला जातो त्यात चार आठवड्यांचे वाचन बसत नाही, हे निर्विवाद आहे. तो हिशेब बदलावा लागेल आणि परीक्षाशुल्कातून तो बदलणे अशक्य नाही. निकाल लांबतील हा आक्षेप मला तितकासा पटत नाही, कारण सबमिशनची तारीख महिनाभर अलीकडे आणता येते. खरा आक्षेप हा, की कठोरतेचा पहिला फटका ज्यांच्या महाविद्यालयात धड प्रयोगशाळा नाही त्या लहान गावांतील मुलांना बसेल. तो बसू नये म्हणूनच पहिल्या टप्प्याच्या परीक्षणात विद्यार्थ्यासोबत साधनांचीही तपासणी व्हावी, आणि महाविद्यालय जे उपकरण पुरवू शकत नाही त्याच्यावर आधारलेला विषय मंजूर करणाऱ्या समितीकडे त्याचा जाब मागावा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १८५४ पासूनची परंपरा आहे, मुंबईच्या जिजाबाई संस्थेस १८८७ पासूनची, आणि त्यांच्या प्रयोगशाळांत जी यंत्रे आहेत ती जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास आठवडाभर वापरू देण्याची तजवीज राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाने मनावर घेतली तर होऊ शकते.

राहिला तो विद्यार्थी, ज्याचा प्रबंध एवढे सगळे करूनही अखेरीस परत पाठवावा लागेल. त्याला आज विद्यावेतनाच्या चोवीस महिन्यांनंतर कोणाचाच आधार नाही, आणि परीक्षकाची जीभ जड होते ती मुख्यतः त्याच्याकडे पाहून. परिषदेने अशा विद्यार्थ्यांपुरती ही मर्यादा तीन महिन्यांनी वाढवावी. ज्यांना विद्यावेतन नाही त्यांच्याकडून महाविद्यालयांनी त्या अवधीची फी घेऊ नये. आणि त्याचे दुरुस्त काम पुन्हा तपासले जाईपर्यंत वसतिगृहातील खोली आणि प्रयोगशाळेतील टेबल त्याच्याकडेच राहू द्यावे.